सोसायटीतलं भांडण कागदावर आणावं

वार्षिक सभेत नवी कमिटी निवडायची वेळ आली की इतका वेळ तावातावाने बोलणारी माणसं एकदम गप्प होतात. त्यांचं फार चुकतं असं नाही. मेंटेनन्सची बिलं, पंपाची दुरुस्ती, वॉचमनच्या सुट्ट्या ही कामं वेळखाऊ असली तरी होऊन जातात. माणूस कमिटीपासून लांब पळतो ते शेजाऱ्याला ‘हे चालणार नाही’ असं सांगावं लागतं म्हणून. ज्यांच्याबरोबर रोज लिफ्टने उतरायचं, गणपतीत ज्यांच्या घरी आरतीला जायचं, त्यांनाच पत्र द्यायचं, त्यांच्याच थकबाकीचा विषय सभेत काढायचा. हे अवघड आहेच. पण ते अवघडपण निम्म्याने कमी करता येतं. कमिटीची बाजू बहुतेक वेळा बरोबर असते, चुकतो तो क्रम. दंड आधी आणि नोटीस नंतर, ठराव आधी आणि अजेंडा नंतर, असं झालं की बरोबर असलेली कमिटीसुद्धा उपनिबंधकांसमोर, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर, हरते.

सुरुवात कपाट उघडण्यापासून करावी. आपल्या सोसायटीला नेमके कोणते उपविधी (बाय-लॉज, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नोंदणी झालेले नियम) लागू आहेत, हे निम्म्या कमिट्यांना सांगता येत नाही असा माझा समज आहे. बाजारात मिळणारं आदर्श उपविधींचं पुस्तक म्हणजे आपले उपविधी असतीलच असं नाही. ज्या प्रतीवर उपनिबंधक कार्यालयाचा नोंदणीचा शिक्का आहे, ती आपली. बऱ्याच जुन्या सोसायट्यांनी २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारलेलेच नसतात. ते स्वीकारायचे तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्या सभासदांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं, आणि त्यानंतर नोंदणीही व्हावी लागते. शिक्क्याची प्रत हरवली असेल तर कार्यालयात अर्ज करून प्रमाणित नक्कल मिळते. पहिल्या महिन्यातच ती मागवून घ्यावी. भांडण पेटल्यावर प्रत शोधायला लागलं की समोरच्याचा वकील ती आधी आणतो.

या उपविधींच्या वर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, त्याखालचे १९६१ चे नियम आणि २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी त्या अधिनियमात घातलेलं स्वतंत्र प्रकरण आहे. उपविधींच्या खाली सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि सगळ्यात खाली कमिटीचा निर्णय. खालच्याने वरच्याला छेद दिला की तो टिकत नाही, मग सभेत शंभर हात वर झालेले का असेनात. सगळ्यात नेहमीचं उदाहरण भाडेकरूंचं. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून दुप्पट मेंटेनन्स घ्यायचा, असा ठराव अनेक ठिकाणी हौसेने होतो. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने बिनभोगवटा शुल्क, म्हणजे आपण ज्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो ते, सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के ठरवलं आहे. टक्केवारी सेवाशुल्कावर काढायची, पूर्ण बिलावर नाही. बिल ४,००० रुपयांचं असेल आणि त्यात वॉचमन, सफाई, कार्यालयीन खर्च, सामाईक वीज मिळून सेवाशुल्क १,८०० असेल, तर हे शुल्क १८० रुपये. मालमत्ता कर, पाणी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) यात धरायचे नाहीत. आणि सभासदाची मुलगी किंवा भाऊ तिथे राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही. हस्तांतरणाचंही तसंच आहे. फ्लॅट विकला जाताना संस्था जो प्रीमियम घेते, त्याची महापालिका हद्दीत कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘ऐच्छिक देणगी’ असं नाव देऊन वरची रक्कम घेतली तर ती परत करायची वेळ येऊ शकते, आणि तोवर त्या पैशांतून गेटला रंगही लागून गेलेला असतो.

बिलाचे भाग नीट वेगळे दाखवले तर मेंटेनन्सवरचे अर्धे वाद उगवतच नाहीत. सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान, मग फ्लॅट एक खोलीचा असो की तीन. लिफ्टचा खर्चही सर्वांना समान. ‘आम्ही तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरतच नाही’ ही तक्रार प्रत्येक सोसायटीत असते. ती करणाऱ्या आजोबांचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यावं आणि उपविधीतलं कलम त्यांना वाचून दाखवावं. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर आणि मापावर. सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. या हिशेबात जमिनीची किंमत येत नाही. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर सिंकिंग फंड महिन्याला २५० रुपये आणि दुरुस्ती निधी ७५० रुपये होतो. मेंटेनन्स कमी ठेवला म्हणून कमिटीचं कौतुक होतं, पण तो कमी ठेवण्यासाठी बहुतेक वेळा याच दोन रकमा कापलेल्या असतात. वीस वर्षांनी बाहेरून प्लास्टर सुटायला लागलं की प्रत्येक घरामागे लाखाची वर्गणी काढावी लागते, आणि तेव्हा निम्मे सभासद निवृत्त झालेले असतात. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो, कारण तो कुणाला दिसत नाही.

थकबाकीवर व्याज लावता येतं ते सरळव्याज, वर्षाला कमाल २१ टक्के. ३०,००० रुपये वर्षभर थकले तर जास्तीत जास्त ६,३०० रुपये. इथे घोटाळा होतो तो बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या महिन्याचं व्याज पुढच्या महिन्याच्या मुद्दलात मिळवलं जातं आणि व्याजावर व्याज चढत जातं. तीन-चार वर्षांनी वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करण्याच्या उपनिबंधकांच्या आदेशासाठी) अर्ज केला की थकबाकीदार सभासद पहिलं बोट त्याच रकान्यावर ठेवतो, आणि मग खरी थकबाकीसुद्धा संशयात येते. म्हणून वर्षातून एकदा एका थकलेल्या खात्याचं व्याज हाताने मोजून सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडून बघावं. अर्ध्या तासाचं काम आहे. वसुलीचा रस्ता पूर्वी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ मधून जायचा, आता गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-२९ मधून जातो. मागणीच्या नोटिसा, त्या पोचल्याच्या पावत्या, कमिटीचा ठराव, महिनावार खातेउतारा आणि बिलं ज्या ठरावांनी ठरली त्या सभांचं इतिवृत्त, एवढं जोडलेलं असेल तर प्रकरण पुढे सरकतं. पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, गेटवर गाडी अडवणं यातलं काही करू नये. उपविधी असा अधिकार कमिटीला देत नाहीत, आणि थकबाकीदार त्या दिवसापासून तक्रारदार होतो.

आता गळती. सोसायटीत सगळ्यात जास्त मनं दुखावतात ती छतावरच्या ओल्या डागापायी. खालचे म्हणतात वरच्यांच्या बाथरूममधून येतंय, वरचे म्हणतात आमचं सगळं कोरडं आहे, आणि प्लंबर ज्याने बोलावलं त्याच्या बाजूने बोलतो. डागाचं वेळापत्रक मांडलं तर तो स्वतःच बरंच सांगतो. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल आणि डिसेंबरात वाळत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत बघायची. बारा महिने, दिवसरात्र सारखीच ओल असेल तर भिंतीतला दाबाचा पाइप. सकाळी आंघोळी झाल्यावर वाढणारी आणि वरचे गावाला गेले की वाळणारी ओल असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग.

त्यानंतर चाचणी, आणि एका वेळी एकच. आधी वरच्या फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून २४ ते ४८ तास थांबायचं. ठिबकणं थांबलं तर दोष दाबाच्या लाइनमध्ये किंवा वापराच्या पाण्यात आहे. मग व्हॉल्व्ह उघडायचा, पण बाथरूम वापरायचं नाही. ओल परत आली तर दाबाची लाइन पक्की. आली नाही तर नहाणी ट्रॅपला (बाथरूमच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाला) कापड आणि प्लास्टिकचा घट्ट बूच मारून फरशीवर इंच-दीड इंच पाणी साठवायचं, त्यात खायचा रंग टाकायचा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि २४ तास सोडून द्यायचं. पातळी उतरली आणि खाली रंग दिसला तर फरशी दोषी. फरशी टिकली तर बूच काढून ते पाणी एकदम सोडायचं. रंग आता खाली आला तर ट्रॅप किंवा त्याचा पाइप. कमोडची तपासणी वेगळ्या रंगाने, वेगळ्या दिवशी. ओल स्लॅबमधून उतरायला कधी दोन दिवसही लागतात, म्हणून एका चाचणीनंतर दुसरी लगेच सुरू केली की निष्कर्षांची गल्लत होते. प्रत्येक टप्प्याला तारीख-वेळ असलेला फोटो आणि वहीत दोन्ही घरांची सही घ्यायची. सही करताना वरच्या काकूंना आपल्यावर आरोप होतोय असं वाटू नये, म्हणून वहीत ‘चाचणी क्रमांक १, निरीक्षण’ एवढंच लिहावं. ‘दोष’ हा शब्द शेवटच्या पानापर्यंत येऊ देऊ नये.

दुरुस्ती करूनही गळती परत येते त्याचं नेहमीचं कारण म्हणजे टाइल्सचे सांधे भरून समाधान मानलेलं असतं. पाणी झिरपतं ते ट्रॅपची मान जिथे स्लॅबमधून जाते त्या कडेने. तिथे फोडल्याशिवाय काम होत नाही, आणि फोडायचा खर्च नको म्हणून ते टाळलं जातं. खर्चाचा नियम मात्र स्वच्छ आहे. संडास, बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती संबंधित फ्लॅटधारकाची. पावसाचं पाणी, बाहेरचे सामाईक पाइप, ड्रेनेज, गच्ची आणि बाहेरच्या भिंती संस्थेच्या. गच्चीतून पाणी येऊन शेवटच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही संस्थेनेच करून द्यायचं. ‘आतलं प्लास्टर तुमचं तुम्ही बघा’ असं वरच्या मजल्यावरच्यांना सांगणारी कमिटी नियमाविरुद्ध बोलत असते.

सामाईक जागेतल्या वस्तूंचं प्रकरण दिसायला किरकोळ, पण कमिटीची परीक्षा तिथेच होते. जिन्याच्या चौकात ठेवलेलं चपलांचं कपाट घ्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं असतं. यंत्रणा चालू ठेवायची आणि धूर भरल्यावर ज्या जिन्याने उतरायचं तो कपाटांनी अडवायचा, याला अर्थ नाही. म्हणजे कारण भक्कम आहे. तरी पहिलं पाऊल नोटिशीचं नसावं. सेक्रेटरी आणि आणखी एक सभासद, दोघांनी जाऊन सांगावं. पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही: सगळे मजले चढून, जिथे जिथे वस्तू ठेवलेली दिसते तिथला फोटो काढणं. एका घराला सांगायचं आणि चेअरमनच्या मजल्यावरची सायकल तशीच राहू द्यायची, असं झालं की तो नियम संपला. ज्यांच्याकडे वस्तू आढळली त्या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र गेलं पाहिजे. त्यात कमिटीतले लोक असतील तर त्यांची नावं सगळ्यात वर.

पत्राचा मजकूर असा असावा: ‘दिनांक अमुक रोजी पाहणीत आपल्या सदनिकेबाहेर जिन्याच्या चौकात अंदाजे ३ फूट लांबीचे लाकडी कपाट आढळले. फोटो सोबत जोडला आहे. उपविधी क्रमांक अमुकनुसार सामाईक जागेत वस्तू ठेवता येत नाही. कृपया १५ दिवसांत कपाट हलवून कळवावे. काही अडचण असल्यास अमुक तारखेच्या कमिटी बैठकीत मांडावी.’ एवढंच. ‘वारंवार सांगूनही’, ‘आपला बेजबाबदारपणा’ हे शब्द एकदा कागदावर आले की माणूस कपाटाबद्दल बोलणं सोडतो आणि अपमानाबद्दल बोलायला लागतो. पत्र हातोहात देऊन स्थळप्रतीवर सही घ्यावी. सही नाकारली तर पोचपावतीच्या टपालाने पाठवावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो टाकणं ही नोटीस होत नाही. तिथे फक्त घरातली मुलं वाचतात की बाबांना सगळे काय म्हणतायत.

तरीही फरक पडला नाही तर दंड. कमिटीला परस्पर दंड लावता येत नाही. सर्वसाधारण सभेने तसं सांगायचं, मग कारणे दाखवा नोटीस, सभासदाला सभेत बाजू मांडायची संधी, आणि त्यानंतर सभेने दंड ठरवायचा. आदर्श उपविधींनुसार त्याची मर्यादा एका आर्थिक वर्षात ५,००० रुपये आहे. ‘दर दिवसाला ५०० रुपये’ अशा पाट्या ठिकठिकाणी लावलेल्या दिसतात. पाटीने फार तर वचक बसतो, वसुली होत नाही.

पार्किंगचा वाद आणखी चिवट, कारण तिथे लोकांनी बिल्डरला पैसे मोजलेले असतात. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघडी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. वाटप संस्थेने करायचं. पण ज्याने जागेसाठी चार लाख दिलेत त्याला हा निकाल वाचून दाखवून भागत नाही. आधी मोजणी करावी: मंजूर नकाशात किती जागा आहेत, प्रत्यक्षात गाडीचं दार उघडेल अशा किती भरतात, आणि आरसी बुकावरून सभासदांच्या गाड्या किती. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला जागा नाही, आणि एका सभासदाला दुसरी जागा मिळेल ती सगळ्यांना एकेक देऊन उरली तरच, तीही वर्षापुरती. जागा कमी असतील तर दरवर्षी सोडत काढावी. चिठ्ठ्या सभेत सगळ्यांसमोर, शक्यतो एखाद्या लहान मुलाच्या हातून काढाव्यात आणि निकाल त्याच दिवशी इतिवृत्तात यावा. गुडघेदुखीचे ज्येष्ठ, व्हीलचेअर वापरणारे यांच्यासाठी लिफ्टजवळची जागा राखायची असेल तर तो ठराव सोडतीच्या आधी व्हायला हवा. नंतर झाला तर तो एका व्यक्तीसाठी केलेला वाटतो, कारण कुणाची जागा गेली ते तोवर सगळ्यांना माहीत असतं.

कुत्र्यांबद्दल थोडक्यात. घरात कुत्रा पाळायला बहुमताने बंदी घालता येत नाही. अस्वच्छता आणि गळ्यात पट्टा असणं, एवढ्यावर नियम करता येतात. भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रहिवासी संघटनेवर टाकली आहे. मुलांची खेळायची जागा, जिने, येण्याजाण्याचे रस्ते यांपासून ती लांब असावी. जागा आणि वेळ ठरवून टाकली की रोजची वादावादी निम्म्यावर येते.

तक्रार कुठे न्यायची हे न कळल्यामुळे वर्षं वाया जातात. सभासदाचा अर्ज आला की कमिटीने पुढच्याच बैठकीत त्यावर निर्णय घ्यायचा आणि १५ दिवसांत लेखी कळवायचं. त्याने समाधान झालं नाही तर विषयाप्रमाणे दार वेगळं. कागदपत्रं दिली नाहीत, सभासदत्व अडवलं, सभा घेतली नाही यासाठी उपनिबंधक. गळती, दुरुस्ती, पार्किंगचं वाटप, ठरावाची वैधता यासाठी कलम ९१ खाली सहकार न्यायालय. बाल्कनी बंद करून खोली केली, फ्लॅटमध्ये परवानगीशिवाय क्लास किंवा दवाखाना काढला, तर महापालिका. धमकी, मारामारी, रात्री दहानंतर स्पीकर, तर पोलीस. उपनिबंधकांकडे गळतीचा अर्ज घेऊन गेलं की ते ऐकून घेतात आणि शेवटी सहकार न्यायालयात जा म्हणतात. तोपर्यंत दोन पावसाळे गेलेले असतात.

या सगळ्याचा पाया इतिवृत्त आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी. पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यातला जो आकडा कमी असेल तो. ठरावाखाली सूचक, अनुमोदक, बाजूची मतं आणि विरोधाची मतं लिहावीत. दोघांनी हात वर करून विरोध केलेला असताना ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिणं ही आळसातून झालेली चूक असते, पण न्यायालयात ती लबाडीसारखी दिसते. खर्चाचा मोठा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात घेऊ नये. सभेला न आलेला माणूस अजेंडा वाचूनच आलेला नसतो.

इमारत १५ वर्षांची झाली की ३० वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि ३० नंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी, लेखापरीक्षणानंतर तीन महिन्यांत ‘ओ’ नमुन्यातला दोषदुरुस्ती अहवाल, ही कामं तारखेला बांधलेली आहेत. त्यांची एक यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावी.

कमिटी बदलताना हीच यादी नव्या लोकांच्या हातात गेली पाहिजे. बहुतेक हस्तांतर चेकबुक आणि किल्ल्यांवर संपतं. त्याबरोबर सभासदांच्या ‘आय’ आणि ‘जे’ नोंदवह्या, शिक्क्याचे उपविधी, मंजूर नकाशे, लिफ्टचा परवाना आणि देखभालीचा करार, विम्याची पॉलिसी, चालू असलेल्या प्रत्येक नोटिशीची फाइल फोटोंसकट, आणि ज्या गळतीची चाचणी अर्धवट राहिली आहे तिची वही असं सगळं यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन द्यावं. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव नव्या कमिटीच्या पहिल्याच बैठकीत व्हावा, आणि बिलिंगचा व सीसीटीव्हीचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.